मोडलेल्या चुली

त्या दिशी तिथं कोन कोन हुतं, ते आधी सांगते. दादा, जमीन ज्याच्या नावावर हाय त्यो. सर्कल साहेब, तहसिलीतनं आल्याले. भाऊसाहेब, म्हंजी आमचा तलाठी. नकाशा काढनारा इंजिनेर, नगरचा, काळा चष्मा लावल्याला. रोडवरचा टपरीवाला, पंच म्हनून बोलावल्याला. माझ्या दोन शेळ्या. आनि मी.

कागदावर समदे हायेत. शेळ्यांची बी जागा हाय, "गुरांचे छप्पर" म्हनून. मी न्हाई. म्हंजी हाय, पन खाली. वर लिवलंय, हितं कोनी राहत न्हाई. त्याच्या खाली माझा अंगठा.

मी सांगते आनि माझी लेक मंगल लिवती. ती भिंगारला असती, मिल्ट्रीवाल्यांच्या खानावळीत पोळ्या लाटती. सातवी शिकली. मी शाळंत दोन पावसाळं गेले, मग गुरांमागं लावलं.

दहाचा सुमार हुता. तव्यावर भाकरी हुती. जामखेड रोडवरनं पांढरी जीप आत वळली, धुरळा उडाला. मला कुनी काय बोललं न्हवतं. मी उठले. जाळ वढला, तांब्याभर पानी मारलं, कुऱ्हाडीचा तुंबा, म्हंजी बोथट अंग, घातला आनि चूल मोडली. ढेकळं पाटीत भरून लिंबाखाली टाकली. चुलीच्या जाग्यावर वैरन पसरली. गाडगी, काटवट, वाकळ, समदं वैरनीखाली सारलं. शेळ्या आत आनून बांधल्या. जीप बांधाला लागस्तोवर मी खुरपं घेऊन गवतात बसल्याली. अर्धी कच्ची भाकरी वटीत. पोटाला चटके देत हुती.

सर्कल साहेब म्हनले, "ही बाई कोण?"

दादा म्हनला, "कामाला असती साहेब. गावातनं येती." मग माझ्याकडं वळला. "म्हातारे, कुठं राहती सांग साहेबास्नी."

मी म्हनले, "गावात."

साहेबानं नाक वर केलं. "धुराचा वास येतोय."

दादा म्हनला, "ह्यांचं काय साहेब, चार काड्या दिसल्या की शेकत बसत्यात."

टपरीवाला हसला. इंजिनेर हसला.

दुसरा पंच आला न्हवता. भाऊसाहेब म्हनला, एक सही कमी पडतीय. दादा म्हनला, "हिचा अंगठा घ्या की. हे रान हिच्याइतकं कुनाला म्हाईत हाय?" मी हात पुढं केला तर इंजिनेरानं शाईची डबी मागं घेतली. "आधी हात धू. घाण आहे." काजळी हुती हाताला. शेळ्यांच्या पान्याच्या घमेल्यात मी हात धुतला. अंगठा दिला. गुडघं धरल्यालं, म्हनून जीपला टेकून उठाया गेले.

इंजिनेर म्हनला, "ए, जीपला पुसू नको."

पदराला पुसला. कागद कुनी वाचून दावला न्हाई. मी इचारलं न्हाई. जाताना दादा म्हनला, "म्हातारीनं आज सरकारी काम केलं बघा." परत समदे हसले. मी बी हसले. त्यांचं हसनं मी इसरले असते. माझं मला इसरता येत न्हाई.

गावात, ह्ये उत्तर मला आबानं शिकवलं हुतं. आबा म्हंजी दादाचा बाप. माझं माहेर जामखेडाकडं, कोरडवाहू. लगीन होऊन हितं आले तवा कारभाऱ्यांनी, म्हंजी माझ्या नवऱ्यानं, आबाचं रान निम्म्या वाट्यानं धरल्यालं. लिवनं-बिवनं काय न्हाई. लिंबाजवळ छप्पर घाला म्हनला आबा. कारभाऱ्यांनी कुड घातला, मी लिंपला.

आबाचं दुसऱ्या एका गावातलं रान कुळाला गेल्यालं. कसनाऱ्याचं नाव उताऱ्याला लागलं आनि रान त्याचं झालं. त्याचं भ्या आबाच्या मनात बसल्यालं. म्हनायचा, जिथं चूल तिथं कूळ. तवा तलाठी वरसातनं दोनदा पिकं बघाया यायचा, आनि रानात कोन हाय ते बी लिवायचा. आबाला आधी सुगावा लागायचा. सायकलीवर यायचा आनि बांधावरनंच सांगायचा, "उद्या भाऊसाहेब यायचाय. चूल मोडा."

छप्पर मोडायला लावलं न्हाई त्यानं कवा. छप्पर गुरांचं म्हनता येतं. चूल तेवढी न्हाई. "गुरं काय सैपाक करत न्हाईत," आसं म्हनायचा आनि हसायचा. मग आमी चूल मोडायची. बैलं आत आनून बांधायची. जिथं निजतो तिथं शेन टाकायचं. गाडगी घेऊन खाली वढ्यात जाऊन बसायचं. धूर करायचा न्हाई, लांबनं दिसतो. भाऊसाहेब उद्या म्हनला की परवा यायचा. तवर कालची भाकरी आनि कांदा. त्यो गेला की परत चिखल तुडवायचा, परत चूल घालायची. वल्ल्या चुलीवर पैली भाकरी कवाच भाजत न्हाई, नुसती धुरपती.

आबा वाईट मानूस न्हवता. सनाला लुगडं द्यायचा. मंगल झाली तवा आईसायबानं, म्हंजी आबाच्या बायकूनं, डिंकाचं लाडू पाठिवलं. आमाला वाटायचं, जमीन त्याची, भ्या त्याचं, आपलं काय जातं. मातीच तर हाय.

मंगलच्या पाठीवर पोरगा झाला. दीड महिन्याचा हुता. पुसाचा महिना, रब्बीची पाहनी. आबा आला, चूल मोडा म्हनला. मोडली. वढ्यात जाऊन बसलो. पैल्या दिशी पोरगा खोकायला लागला. दुसऱ्या दिशी कारभारी आबाकडं गेले. म्हनले, लेकराला शेकाया जरा इस्तू करू द्या. आबा म्हनला, "उद्या येतोच हाय भाऊसाहेब. एक दिस काढ."

आमी काढला. पोरानं न्हाई काढला.

भाऊसाहेब त्याच दिशी दुपारी आला. ज्वारी लिवली आनि गेला.

थंडीनं गेलं का त्याचं आयुष्यच तेवढं हुतं, मला सांगता येनार न्हाई. मी कुनावर आळ घालत न्हाई. घोंगडं गार हुतं, एवढं मला म्हाईत हाय.

एवढ्या लहान लेकराला जाळत न्हाईत. लिंबाखाली पुरायचं म्हनलं, तर झाड आबाचं. इचारावं लागलं. आबाच्या डोळ्यात पानी आलं, खोटं कशाला बोलू. व्हय म्हनला. पन जाताना मागं फिरून म्हनला, "दगड ठिवू नको. दगड ठिवला की उद्या कोनी शेंदूर लावतंय. त्याचं थान व्हतं. मग त्यो हलवता येत न्हाई."

मी दगड ठिवला न्हाई. पन कुत्री उकरतील, म्हनून मोडल्याल्या चुलीची ढेकळं नेऊन वर रचली. आबा दगड नको म्हनला हुता. चुलीचं त्यो काय बोलला न्हवता. तवापासनं दर खेपंला मोडल्याली चूल तिथंच टाकली. वरसातनं दोनदा.

आनि तवापासनं चूल मोडायला तुंबा उचलला की मला खोकला ऐकू येतो. बारीक. कारभारी म्हनायचे, वारं हाय गं. मी म्हनायची, व्हय, वारं हाय. आजूनबी येतो. आजवर कुनाला सांगितलं न्हाई.

आबा गेला. आईसायब गेली. माझे कारभारी गेले. दादा मालक झाला. तलाठी बांधावर यायचा बंद झाला, आता पीक मोबाईलवर लावत्यात. दादा फोटू काढतो, झालं काम. चूल मोडा म्हननारं कुनी राह्यलं न्हाई. पन पांढरी गाडी दिसली की माझं हात थांबत न्हवते. मतदान यादीवाले आले, मोडली. लाईटीचे खांब बघायला आले, मोडली. एकदा मंगल सुट्टीला आल्याली. मला ढेकळं उचलताना बघून कपाळाला हात लावला तिनं. "आई, त्या पोलिओच्या बाया हुत्या गं." आमी दोघी लई हसलो त्या दिशी.

अंगठा दिला त्याच्यानंतर दादानं पेरनी केली न्हाई. रानात पलाट पाडाया पांढरी फक्की मारून रेघा वढल्या. शिमिटाचे दगड रोवले, प्रत्येकावर नंबर. रोडला मोठा बोर्ड लावला, त्याच्यावर रंगीत बंगले. मला वाटलं, वरच्या अंगाला काय करत असतील. मंगल रविवारी आली. बोर्डाम्होरं लई येळ उभी राह्यली. मग मला हाताला धरून नेलं.

"आई, ह्यो आपला लिंब. हितं आपलं छप्पर. हिरवा रंग दिलाय बघ."

"काय लिवलंय?"

"मोकळी जागा. लहान मुलांसाठी बाग."

मी खालीच बसले. मंगल बी शेजारी बसली. तिला भाऊ आठवत न्हाई. पन लिंबाखाली काय हाय, ते तिला म्हाईत हाय.

तिनं खाडे केले, तहसिलीत खेटे घातले, पंचनाम्याची नक्कल काढली. तिथंच पायरीवर बसून मला वाचून दावली. वर लिवल्यालं, जिल्हा अहिल्यानगर. तालुका, गाव, गट नंबर, समदं बरोबर. मग आसं, "जागेवर एक जुने गुरांचे छप्पर असून चूल, भांडी अथवा वस्तीची कोणतीही खूण आढळून आली नाही."

"आई, ह्यो अंगठा तुझा?"

"व्हय."

"वाचून दावलं हुतं?"

"न्हाई."

"मग चूल कुठं गेल्ती?"

"मोडली."

"मोड म्हनून कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

मंगलनं कागदाची घडी घातली. एसटी स्टँड येस्तोवर मला एक शब्द बोलली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या वाटंनं चालताना मला कळलं. आबा मरून गेला, पन त्याचं सांगनं माझ्या हातात राह्यलं. दादाला काय करावंच लागलं न्हाई. माझी चूल मी मोडली. माझं नाव मी पुसलं. आनि वर अंगठा लावला.

मंगलनं गाठल्याले वकील म्हनले, "मावशी, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याच्या राहत्या घराला कायद्यात आधार आहे. पण राहत होतो याची खूण दाखवावी लागेल." रेशनकार्डावर गावातलं घर, दिराचं. मतदान यादीत तेच. आबानंच तसं घालायला लावल्यालं. लाईटबिल न्हाई, मीटरच न्हाई. "आणि वर तुमचाच अंगठा," आसं म्हनून वकिलानं चष्मा काढला. तरी हरकत घातली. साहेबानं फेरपाहनी लावली.

आदल्या दिशी दादा आला. कधी नव्हं ते छपरात वाकून आला, पोत्यावर बसला. आता मी म्हातारी न्हवते.

"मावशे, उद्या साहेब येनार. चूल तेवढी मोड. गावात तुला खोली देतो. फरशी हाय, नळ हाय, लाईट हाय."

"आनि लिंब?"

"लिंबाचं काय?"

"त्याच्या बुडाशी काय हाय, तुला म्हाईत हाय दादा."

त्यानं खाली बघितलं. "म्हाईत हाय. आबा सांगायचा. म्हनून तर तिथं बाग टाकली. इंजिनेर रस्ता टाकत हुता. मी म्हनलं, त्याच्यावरनं गाड्या नको. मला काय मन न्हाई का?"

त्यो खरंच बोलत हुता. त्याला वाटत हुतं, त्यानं माझ्यावर उपकार केला. मला त्याचा राग यायच्या आधी कीव आली.

मग त्यो उठला. "अंगठा तुझा हाय, इसरू नको. साहेबाम्होरं खोटं बोलली म्हनून तूच आत जाशील."

त्यो गेला. मी शेन-माती कालवली आनि चुलीला पोतेरं दिलं.

दुसऱ्या दिशी परत तेच समदे. पांढरी जीप वळली. माझं हात उठले. हात कुऱ्हाडीकडं गेले. खोकला ऐकू आला. मी काटवट वढली, पीठ घेतलं आनि दोन्ही हात पिठात घातले. मनगटापतोर. मळत राह्यले. जाळ म्होरं सारला. धूर लिंबात गेला, लिंबावरनं वर गेला. लांबनं दिसंल एवढा.

साहेब छपराम्होरं उभे राह्यले. "बाई, तुम्ही कुठं राहता?"

"हितं."

"मागच्या वेळेला गावात म्हणाला होता."

"खोटं बोलले. लिवून घ्या. जी शिक्षा हाय ती द्या. पन राहते हितं."

दादा म्हनला, "साहेब, ही चूल वकिलानं घालायला लावली. बघा की, माती नवी हाय."

साहेब वाकले. त्यांनी चुलीला बोट लावलं. "नवीच दिसते."

मी म्हनले, "नवीच हाय. जुन्या दावते."

खुरपं घेतलं. लिंबाखाली गेले. पाला सारला, वरची माती सारली. एक ढेकूळ काढलं. एका अंगानं काळं, एका अंगानं लाल. भाजल्याली माती किती पावसाळं झालं तरी इरघळत न्हाई. दुसरं काढलं. तिसरं. थरावर थर. एका ढेकळावर चार बोटं उमटल्याली, लिंपतानाची. मी त्याच्यात माझी बोटं घालून बघितली. बसली न्हाईत. आता वाकडी झाल्यात.

"साहेब, दरसाल मोडली. दरसाल हितं टाकली. राहत न्हवते तर ह्या कुनाच्या?"

साहेबानं एक ढेकूळ उचललं, उलटंपालटं केलं. इंजिनेर म्हनला, "किती जुनं आहे ते बघायचं तर खालपर्यंत खणायला लागेल." त्यानं जीपमधली पहार मागितली.

मी ढेकळांवर हात आडवा ठिवला. "खाली न्हाई."

"का?"

"खाली लेकरू हाय."

टपरीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. भाऊसाहेब चपला काढून बाजूला झाला. दादा रोडकडं बघत राह्यला. इंजिनेरानं चष्मा काढला, तवा मी त्याचं डोळं पैल्यांदा बघितलं. पोरगाच हुता.

साहेबानं मोबाईलवर फोटू काढले. जीपच्या टपावर कागद ठिवून लिवलं. मग भाऊसाहेबानं शाईची डबी म्होरं केली. हात धू म्हनलं न्हाई, पिठाचे हुते तरी.

मी म्हनले, "आधी वाचा."

साहेबानं वाचलं. लिंबाच्या झाडाखाली भाजलेल्या मातीचे अनेक तुकडे आढळले. चूल पेटलेली आढळली. सदर महिला जागेवर राहत असल्याचे सांगते.

"आनि लेकरू?"

"ते यात बसत नाही, बाई."

"मग अंगठा देत न्हाई."

साहेब म्हनले, "नाही दिला तर तसं लिहावं लागेल."

"लिवा की."

त्यांनी लिवलं. अंगठा देण्यास नकार दिला. ते बी वाचून दावलं. माझ्याबद्दलची तेवढी एक वळ त्या दोन्ही कागदांत पुरी खरी हाय.

निकाल अजून न्हाई. वकील म्हनत्यात, कसाबी लागंल. लागू दे. मी वढ्यातनं एक दगड आनला आनि लिंबाखाली ठिवला. शेंदूर लावला न्हाई. मला थान करायचं न्हाई. लेकरू हितं हाय, एवढी खून पायजे. खोकला येतो आजून. पन आता त्यो आला तरी मी जाग्यावरनं उठत न्हाई.

चूल मी मोडनार न्हाई. ज्याला मोडायची त्यानं यावं, माझ्याम्होरं, त्याच्या हातानं मोडावी. आनि कागदावर लिवावं, आमी मोडली.

हे ज्यानं वाचलं त्याला एकच मागनं हाय. जागा कुठंबी घ्या. घेयाच्या आधी एकदा सकाळच्या पारी तिथं जावा आनि कुठनं धूर निघतोय का बघा. निघत असंल तर त्या धुरापशी जावा, कोन हाय ते इचारा. आनि साहेबानं तुमाला इचारलं तर सांगा, तिथं मानूस राहतं.